बिनकुंकवाचं बोलावणं

मेसेज सगळ्यांना गेला होता आणि आलं कोणीच नव्हतं. अगदीच कोणी नाही म्हणणं अन्यायाचं होईल, दोघीतिघी आल्या होत्या. पण त्यातली एक रक्तदाब मोजून घ्यायला आली होती आणि दुसरी तिला सोबत म्हणून. केसरबाई प्रसूतिगृहाच्या आवारात प्राजक्ताने मोठ्या उमेदीने सतरंजी अंथरली होती, तिच्यावर दुपारभर फक्त ऊन बसून गेलं.

संध्याकाळी ती बरकतपुऱ्यातल्या घरी परतली तेव्हा तिचा चेहरा पाहूनच खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. प्राजक्ता त्यांची भाडेकरू. पुण्याची मुलगी, संगणकाच्या कंपनीत नोकरी, नवरा चिन्मय कंपनीच्या कामाने अमेरिकेला आणि हिला सातवा महिना. डॉक्टरांनी घरी बसून राहायला सांगितलं होतं. पण जिच्या हातातून मोबाइल सुटत नाही ती पोरगी बसून राहते म्हणजे काय, बसल्या जागेवरून गाव हलवायला बघते.

"काकू, मी एकेकीला मेसेज केला होता," ती जिन्याच्या पायरीवर टेकत म्हणाली. "तारीख, वेळ, जागा, सगळं लिहिलं होतं. काल पुन्हा आठवण करून दिली. यांना दवाखाना नकोच आहे का?"

सुशीलाबाईंनी कपबशी तिच्याजवळ सरकवली. "ते सांगणं झालं पोरी. बोलावणं कुठं केलीस?"

मोबाइलवर येणारा फोन फुकट झाला, त्या सुमाराची ही गोष्ट. त्याआधी फोन वाजला की माणसं नाव बघून तो कापायची आणि घरच्या काळ्या फोनकडे धावायची. आता काचीगुड्याच्या भाजीवाल्याच्या खिशातही फोन आला होता आणि स्टेशनसमोरच्या पिवळ्या बूथमधले टेलिफोनवाले दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसायचे. हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या काचेची तिरीप इथल्या जमिनींवर पडून त्यांचे भाव आकाशाला भिडले होते. त्या भावाच्या तडाख्यात केसरबाई प्रसूतिगृह सापडलं. बेगम बाजारातल्या एका सेठनी आईच्या नावाने ते कधीकाळी बांधलं. सकाळी एक डॉक्टरीणबाई, दिवसभर एक सिस्टर, दोन आया, बाळाचं वजन करायचा पितळी तराजू आणि आवारात सिमेंटची बाकं, एवढाच सारा पसारा. पण अर्ध्या बरकतपुऱ्याचं पहिलं रडणं त्या भिंतींनी ऐकलेलं. सुशीलाबाईंचा युवराजही तिथलाच. आता सेठ राहिले नव्हते, ट्रस्ट नातवाच्या हाती आला होता, आणि पुढच्या शुक्रवारी तो गिऱ्हाइकाला जागा दाखवायला आणणार अशी बातमी सिस्टरने रडत रडत दिली होती. त्या दिवशी आवार बायकांनी भरलं तर गिऱ्हाईक बिचकेल आणि नातूही दोनदा विचार करील, एवढाच प्राजक्ताचा हिशेब, आणि आजची बैठक त्याच्याच तयारीची. हिशेब बरोबर होता, फक्त बायका कशा येतात हे तिला ठाऊक नव्हतं.

ते सुशीलाबाईंना ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे काय, त्यांचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. देगलूरकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन त्या इथे आल्या. यजमान हणमंतराव बेगम बाजारात मिरचीच्या आडतीवर होते, घरात आले की आधी दोन शिंका यायच्या आणि मग माणूस दिसायचा. नव्या गावात करमेना म्हणून सुशीलाबाई मराठी महिला मंडळात जाऊ लागल्या आणि पाहता पाहता बोलावण्याचं काम त्यांच्याकडे आलं. चैत्रगौर असो, संक्रांत असो, कोणाचं डोहाळजेवण असो, करंडा घेऊन निघायच्या त्या सुशीलाबाईच. दारात उभं राहायचं, घरच्या बाईला हळदकुंकू लावायचं आणि मग बोलावणं सांगायचं. बोलावणं आधी सासूला करावं लागतं अशी घरं कोणती, शेजारणीला आधी बोलावलं तर रुसणारी कोणती, "बघते" म्हणाली की ती नक्की येणार नाही अशी कोण आणि "कशाला मला" म्हणणारी सगळ्यांत आधी येऊन बसणार अशी कोण, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. लोक थट्टेनं म्हणत, सुशीलाबाईंनी बोलावलं तर चारमिनारसुद्धा पदर सावरून येईल.

मग एका उन्हाळ्यात हणमंतराव गेले. वर्ष सरलं आणि चैत्रात मंडळाच्या अध्यक्षीण भाग्यलक्ष्मीबाई घरी आल्या. बसल्या, चहा घेतला, युवराजच्या नोकरीची चौकशी केली आणि उठताना म्हणाल्या, "वहिनी, आता तुम्हाला उन्हातान्हाचा त्रास नको. करंडा मी नेते." कोणी टाकून बोललं नाही, कोणी दुष्टपणा केला नाही, आणि म्हणूनच कोणाशी भांडताही आलं नाही. सुशीलाबाईंना स्वतःलाही ते चुकीचं वाटलं नव्हतं. रीतच ती. त्या स्वतः इतकी वर्षं करंडा घेऊन फिरल्या तेव्हा विधवेच्या दारावरून मान खाली घालून पुढेच गेल्या होत्या. फक्त त्या दिवसापासून कोणाच्या दारात जाण्याचं कारण उरलं नाही. बाई घरात बसली, आणि बसलेल्या बाईला मुलाने आपला जुना मोबाइल दिला. तो स्वतः सुनेला घेऊन बंगळूरला गेला होता. फोन रविवारी वाजायचा आणि उरलेले दिवस टीव्हीवरच्या गणपतीशेजारी पडून असायचा.

"मग तुम्हीच करा ना बोलावणं," प्राजक्ता म्हणाली.

"भाग्यलक्ष्मीबाईंना सांग. माझ्याच्यानं आता ते होत नाही."

"पाय दुखतात का?"

प्राजक्ताची नजर सुशीलाबाईंच्या रिकाम्या कपाळावर गेली आणि तिथेच थांबली. पोरगी संगणकवाली असली तरी मराठीच होती, तिला कळलं. थोडा वेळ ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"फोनवर कोणाला काय दिसतंय काकू?" ती हळूच म्हणाली.

सुशीलाबाई झटक्यात उठल्या आणि कपबशा विसळायला गेल्या. राग आला होता की आणखी काही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर त्यांनी गणपतीशेजारचा फोन उचलला, पदराने पुसला आणि वर हाक मारून हिरवं बटण आधी दाबायचं की नंतर ते विचारून घेतलं.

पहिला फोन केला रंजनाला. ही काचीगुडा स्टेशनमागे राहणारी, तिघा लेकरांची आई, तिन्ही केसरबाईतली. फोन कानाला लावून सुशीलाबाई आपल्याच घराच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. बसून बोलावणं कसं करणार?

"मी सुशीला बोलते, बरकतपुऱ्याची, युवराजची आई. सासूबाई हैत का घरी? त्यांना दे आधी." मग सासूबाईंची गुडघेदुखी झाली, नातवाचे दात झाले, आणि मग आवाज जरासा वर चढला. "शुक्रवारी चार वाजता केसरबाईत यायचं. दवाखाना विकायलेत, आपल्या डोळ्यांदेखत विकायलेत. तुम्ही, रंजना आणि धाकटी सून, तिघींनी. बोलावणं हाय बरं का."

"हौ, येते की," सासूबाई म्हणाल्या. "कित्ते दिवसांनी तुमचा आवाज आला. मला वाटलं आम्हाला विसरलाव."

फोन ठेवल्यावर सुशीलाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. फार बरं वाटलं त्यांना. इतकं, की पुढचा फोन त्यांनी वर हाक न मारताच लावला.

दोन दिवस घर नुसतं बोलत होतं. कोणाकडे लँडलाइन, कोणाकडे लेकाचा मोबाइल, कोणाकडे शेजारणीचा. बरेचसे नंबर सिस्टरने दिले, उरलेले बायकांनीच एकमेकींचे दिले. यायचं नक्की ठरलं की बोलत बसायचं नाही, नुसती एक रिंग द्यायची आणि कापायचं, ही प्राजक्ताची युक्ती. सुशीलाबाईंना आधी तो पोरखेळ वाटला, पण मग भाजी चिरता चिरता एक रिंग वाजून थांबली की त्या म्हणायच्या, "ही आली." वरच्या मजल्यावरून प्राजक्ता ओरडायची, "कोण आली?" पोळ्या करताना, केस विंचरताना, नळाला पाणी आल्यावर, एकेक रिंग. कोण आली हे फोनवर इंग्रजीत उमटायचं, ते सुशीलाबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या बेधडक नाव सांगायच्या आणि प्राजक्ताने बघितलं तर कधी बरोबर निघायचं, कधी साफ चूक.

बोलावणं फिरलं तशी बातमीही फिरली. तिसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीबाई आल्या.

त्या वाईट बाई नव्हत्या हे सांगायला हवं. मंडळ त्यांनी एकहाती चालवलं होतं आणि दवाखाना जावा असं त्यांनाही वाटत नव्हतं. पण आयुष्यभर चार लोक काय म्हणतील हे ओळखून वागलेल्या, आणि ते चार लोक त्यांना अलीकडे भेटले होते. "वहिनी," त्या खुर्चीच्या काठावर बसून म्हणाल्या, "बोलावणं तुम्ही करायलाव म्हणे. चांगलं काम हाय, मी नाही म्हणत नाही. पण आपल्यातल्या बाया बोलायल्यात. कुंकवाबिगर बोलावणं कसं घ्यायचं, आन् तेबी…" पुढचं त्यांना जड गेलं. "मी जाते करंडा घेऊन घरोघर. रीतीनं होईल. तुम्ही फोन थांबवा."

प्राजक्ता जिन्यात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि सुशीलाबाईंनी नुसत्या हाताने तिला गप्प केलं. तीन दिवस मिळालं होतं ते आता पुन्हा कोणीतरी गोड बोलून उचलून नेत होतं, आणि या खेपेला ते जाऊ द्यायचं नव्हतं. पण भांडण झालं तर शुक्रवारी आवार अर्धं राहील हेही त्यांना दिसत होतं.

"तुम्ही जावा की ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलाव तर बरंच होईल, बाया रीतीनं येतील. पण ज्या दारात तुमचा करंडा थांबत नाही, ती दारं माझी."

भाग्यलक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चहा अर्धा ठेवून उठल्या.

अशी दारं किती होती हे सुशीलाबाईंना तेव्हाच कळलं. नवरे गेलेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, लग्नच न झालेल्या. प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली आया, गल्लीच्या तोंडाशी इस्त्री करणारी तेलुगू बाई, तिच्या पलीकडची शिवणकाम करणारी बेगम. आजवर यांना कोणी कशालाच बोलावलं नव्हतं, आणि प्राजक्ताच्या यादीतही त्या नव्हत्या कारण ती यादी मंडळाची होती. सुशीलाबाई फोन करत गेल्या. कोणी विचारलं, "मला?" कोणी विचारलं, "चुकून तर नाही लागला?" एकीने काहीच न बोलता फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने तिची एक रिंग आली.

राहिल्या सावित्रीबाई. मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. ऐन तरुणपणी नवरा गेलेला, मूल नव्हतं, पापड लाटून दिवस काढले. त्यांच्याकडे फोन नव्हता आणि शेजारी कुलूप होतं. म्हणजे जायला हवं होतं. सुशीलाबाईंनी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. करंडा घेऊन त्या ज्या दारांवरून पुढे जायच्या त्यातलं पहिलं दार हेच होतं. सावित्रीबाई तेव्हा दारातच पापड वाळत घालत असायच्या, आणि करंडा येताना दिसला की आपण होऊन आत जायच्या. बोलावणाऱ्या बाईला अवघडायला नको म्हणून.

अखेर त्या गेल्या. सावित्रीबाई दारातच बसल्या होत्या आणि सुशीलाबाईंना बघून सवयीने उठायला लागल्या.

"उठू नका," सुशीलाबाई म्हणाल्या. पण पुढे काय बोलायचं ते आठवेना. फोनवर इतक्या सहज येणारे शब्द या उंबऱ्यापाशी येईनात. हळदकुंकू लावून झालं की बोलावणं आपोआप सुरू व्हायचं. आता हात रिकामे, त्यांचं काय करायचं तेच कळेना. शेवटी त्यांनी सावित्रीबाईंचे पिठाने भरलेले हात आपल्या हातात घेतले.

"सावित्रीबाई, शुक्रवारी चार वाजता केसरबाईत या. मी बोलवायला आले."

सावित्रीबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. "मला तिथं काय काम गं?" त्या म्हणाल्या. "मी कधी त्या दवाखान्याची पायरी चढले नाही. मला लेकरू कुठं होतं?"

सुशीलाबाई नुसतंच म्हणाल्या, "तरी या."

शुक्रवारी सगळ्यांत आधी आलेल्या सावित्रीबाईच. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून सिमेंटच्या बाकावर अंग चोरून बसल्या. मग करंडा न थांबणाऱ्या दारांमधल्या एकेकजणी येत गेल्या. बोलावणं येण्याची सवय नसलेली माणसं वेळेच्या आधी येतात. इस्त्रीवाली आली, बेगम आली, म्हातारी आया आली आणि सवयीने आवार झाडायला लागली, तिला धरून बसवावं लागलं. मंडळाच्या बायका मात्र रीतीप्रमाणे उशिरा, घोळक्याने, काठापदराच्या साड्या नेसून आल्या. भाग्यलक्ष्मीबाईंनी आपलं काम चोख केलं होतं. सतरंजी पुरेना, म्हणून सिस्टरने प्रसूतीच्या खाटांवरच्या चादरी आणून घातल्या. प्राजक्ता एका खुर्चीत पोटावर हात ठेवून बसली होती आणि तिच्या दुसऱ्या हातातला मोबाइल त्या दिवशी कधी नव्हे तो गप्प होता.

नातू आला, बरोबर गिऱ्हाईक आणि ट्रस्टचे मॅनेजर अप्पाराव. फाटकातच तिघे थबकले. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. नुसत्या बायका बसलेल्या, काही निवडायला मेथीची जुडी घेऊन आलेल्या. गिऱ्हाइकाने नातवाच्या कानात काहीतरी विचारलं. मग अप्पाराव पुढे झाले, आणि घाम पुसत त्यांनी विचारलं, "अम्मा, आप लोगां को कौन बुलाए?"

नाव सांगितलं तर पोलीस, नोटिसा, काय काय होईल कोण जाणे. सगळ्यांच्या नजरा सवयीने भाग्यलक्ष्मीबाईंकडे वळल्या. अशा वेळी बोलायचं ते अध्यक्षीणबाईंनीच, ही बरकतपुऱ्याची रीत. सुशीलाबाई मागे, बाकांजवळ उभ्या होत्या. त्यांना भीती पोलिसांची नव्हती. आता भाग्यलक्ष्मीबाई "मंडळाने" म्हणतील, आणि ते खोटंही असणार नाही.

भाग्यलक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला. मागे वळून बघितलं आणि बोट दाखवलं.

"बोलावणं सुशीलावहिनींचं हाय," त्या मराठीतच म्हणाल्या. "आम्ही सगळ्या त्यांच्या बोलावण्यानं आलाव."

अप्पारावांना शब्द कळले असतील नसतील, बोट कुठे आहे ते कळलं. आणि ते बोट तिथे असताना एकेक बाई वळून सुशीलाबाईंकडे बघू लागली. रंजनाच्या सासूबाईंनी मान डोलावली. बोलावणाऱ्या बाईने आलेल्या माणसाला पहिल्यांदा जे म्हणायचं असतं तेच सुशीलाबाईंच्या तोंडून निघालं. सेठच्या नातवाकडे बघून त्या म्हणाल्या, "या, बसा."

तो खरोखर बसला, हे त्यातलं नवल. जागा नव्हती म्हणून बाकाच्या टोकावर, सावित्रीबाईंशेजारी. बायकांचं त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. गिऱ्हाईक मात्र फाटकाच्या आत आलंच नाही.

पुढचं सांगून टाकलेलं बरं. प्रसूतिगृह त्यानंतर काही वर्षं चाललं. प्राजक्ताची मुलगी तिथेच झाली, त्याच पितळी तराजूत तिचं वजन झालं. मग डॉक्टरीणबाई थकल्या, बायका मोठ्या हॉस्पिटलांत जाऊ लागल्या आणि एक दिवस कोणी न भांडता ते बंद झालं. आता तिथे पाच मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे. सुशीलाबाईंचं बोलावणं मात्र थांबलं नाही. नळाच्या पाण्यासाठी, शाळेच्या फाटकासमोरच्या गतिरोधकासाठी, कोणाच्या बारशासाठी. मंडळानेही पुढे फोन त्यांनाच करायला सांगितले, करंडा भाग्यलक्ष्मीबाईंकडेच राहिला, आणि दोघी एकमेकींच्या वाटेत आल्या नाहीत. रीत मोडली असं काही कोणी म्हणालं नाही. ती तिच्या जागी राहिली, बायका तिच्या बाजूने जाऊ लागल्या.

पण त्या शुक्रवारची संध्याकाळ राहिली सांगायची. नातू विचार करतो म्हणून गेला, बायका पांगल्या. बोलावणाऱ्या बाईने शेवटी निघायचं असतं म्हणून सुशीलाबाई फाटकात उभ्या राहून एकेकीला निरोप देत होत्या. भाग्यलक्ष्मीबाई जाताना त्यांच्या दंडाला हात लावून गेल्या. प्राजक्ताला रिक्षात बसवून दिलं. वळून बघतात तो बाकावर सावित्रीबाई अजून बसलेल्या.

"चला सावित्रीबाई, घरापर्यंत येते तुमच्यासंगं," सुशीलाबाई म्हणाल्या. "दिवस बुडायला."

सावित्रीबाई हलल्या नाहीत. अंग चोरून बसलेली ती बाई आता बाकाच्या पाठीला रेलून, पाय सैल सोडून बसली होती.

"बसू दे गं थोडं," त्या म्हणाल्या. "कधी नाही ते बोलावणं आलंय. लगेच काय उठायचं?"

सुशीलाबाई फाटकापासून परत आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. सिस्टरने आवारातला दिवा लावला तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.